ज्यांना पटलं नाही, त्यांचा इतिहास



स्वागताध्यक्षाचं भाषण लांबलं की चहा थंड होतो, याची मला कल्पना आहे. स्वागताध्यक्ष विद्वान असावा असा कुठल्याही परिषदेचा दंडक नाही. हॉल, जेवण आणि गाद्या-उशा ज्याच्या शब्दावर मिळतात त्याच्या गळ्यात ही माळ पडते. माझी हयात वकिलीत गेली. पण यंदा तुम्ही विषयच असा ठेवलात, ‘सामान्य वाचकासाठी पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा इतिहास’, की सामान्य वाचकाच्या बाजूने कुणीतरी उभं राहायला हवं होतं. ते वकीलपत्र मी घेतलं आहे.

आधी गावाबद्दल. बोरीच्या काठावरचं अमळनेर, हे सखाराम महाराजांचं गाव. इथले गिरणीमालक मोतीलाल माणेकचंद, म्हणजे आपले श्रीमंत प्रतापशेठ, यांनी 1916 साली इथे तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. शेठजींनी धर्मशाळा बांधली असती तरी लोकांनी दुवाच दिला असता. त्यांनी देशभरातून विचार करणारी माणसं बोलावली आणि त्यांच्या राहण्याखाण्याची चिंता स्वतःकडे घेतली. साने गुरुजी खानदेशात आले ते याच मंदिरात शिकायला, शाळेतली मास्तरकी नंतरची. मला मात्र या मंदिराची सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे एक पुस्तक. 1933 साली मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांनी मिळून अद्वैतातल्या अज्ञानावर एक इंग्रजी ग्रंथ काढला, नावही ‘अज्ञान’च. तिघांनी तीन स्वतंत्र भाग लिहिले आणि तिघांची मतं जुळत नाहीत. एका मुखपृष्ठाखाली तीन मतं, आणि कुणी कुणाला दाबलेलं नाही. आजच्या पाहुण्यांचं स्वागत मी त्या पुस्तकाच्या गावात करतो आहे.

कारण मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे: पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा इतिहास हा थोर उत्तरांचा इतिहास म्हणून वाचला तर झोप येते. ज्यांना ती उत्तरं पटली नाहीत त्यांच्या बाजूने वाचला तर रात्र सरते.

सॉक्रेटिसपासून सुरुवात करतो. वकिलाला दुसरीकडून करताच येणार नाही. ख्रिस्तपूर्व 399, अथेन्स. आरोपी सत्तर वर्षांचा. आरोप असे: शहराच्या देवांना मानत नाही, नवीच दैवतं आणतो, तरुणांना बिघडवतो. न्यायमंडळात चिठ्ठ्या टाकून निवडलेले शेकडो नागरिक. न्यायाधीश नाही, सरकारी वकील नाही. दोन्ही पक्षांनी आपापलं तोंडानेच मांडायचं, वेळ पाण्याच्या घड्याळावर. आता प्लेटोने लिहून ठेवलेली उलटतपासणी बघा. सॉक्रेटिस फिर्यादी मेलेतसला विचारतो, तरुणांना सुधारतं कोण? मेलेतस म्हणतो, कायदे. कायदे जाणणारा माणूस कोण, ते सांग. हे न्यायमंडळ. सगळे? सगळे. बसलेले प्रेक्षक? तेही. सभेचे सदस्य? तेही. म्हणजे अख्खं अथेन्स मुलांना सुधारतं आणि मी एकटा बिघडवतो? हो, तसंच. मग सॉक्रेटिस घोड्यांवर येतो. घोड्याला शहरातला जो तो वळण लावतो आणि एकच माणूस बिघडवतो, असं असतं का? की उलट, वळण लावणारे एखाददोन जाणकार आणि बाकीचे हात लावतील तेवढं बिघडवणारे? पुढे एकदा मेलेतस गप्प बसतो, तर सॉक्रेटिस त्याला बजावतो की कायद्याने उत्तर द्यावंच लागेल.

उलटतपासणी म्हणून हे सुरेख आहे. बचाव म्हणून भयंकर. एकही अशील मला असा परवडला नसता. दोषी ठरल्यावर तो स्वतःच म्हणतो की जेमतेम तीस मतं इकडची तिकडे झाली असती तर मी सुटलो असतो. मग शिक्षेची पाळी. तिथला कायदा असा की फिर्यादीने एक शिक्षा मागायची, आरोपीने दुसरी सुचवायची, आणि मंडळाने दोन्हींतली एक निवडायची. मेलेतसने मृत्युदंड मागितला. कुठल्याही शहाण्या माणसाने हद्दपारी मागितली असती आणि ती मिळालीही असती. सॉक्रेटिसने काय मागावं? ऑलिम्पिकच्या विजेत्यांना जसं नगरपालिकेच्या खर्चाने जेवण मिळतं तसं मलाही द्या, माझी सेवा त्याच लायकीची आहे! मग एक मिना दंड म्हणतो, मग मित्रांच्या आग्रहाखातर तीस मिना. जामीन राहायला तयार झालेल्यांत तरुण प्लेटो होता.

इथून पुढे अडीच हजार वर्षांची जी परंपरा सुरू झाली तिच्यात सॉक्रेटिसचं एखादं मत टिकलं की नाही, यावर विद्वानांनी भांडावं. टिकली ती त्याची खोड. खुद्द प्लेटोने आपल्या ‘पार्मेनिडीस’ संवादात स्वतःच्याच सिद्धांताची फजिती केली आहे. सुंदर वस्तूंच्या पलीकडे सौंदर्याचं शाश्वत रूप आहे, हा त्याचा गाजलेला विचार. तर म्हातारा पार्मेनिडीस कोवळ्या सॉक्रेटिसला विचारतो, मग केसांचं, चिखलाचं, घाणीचंही असंच शाश्वत रूप आहे का रे बाबा? पोरगं गोंधळतं. प्लेटोच्या अकादमीत वीसेक वर्षं राहिलेल्या ॲरिस्टॉटलने पुढे त्याच सिद्धांतावर हल्ला चढवला. पण पहिला वार गुरूनेच स्वतःवर केला होता, हे आपण शिकवताना गाळतो.

मध्ययुग म्हटलं की आपण हात झटकतो, अंधारयुग म्हणून मोकळे होतो. मला तिथे एक आवडता खटला सापडतो. अकराव्या शतकात नॉर्मंडीतल्या बेकच्या मठात ॲन्सेल्म नावाच्या साधूने देवाचं अस्तित्व निव्वळ तर्काने सिद्ध केलं. ज्याच्याहून थोर काही कल्पिताच येत नाही तो देव. असा देव नुसत्या मनात असेल तर त्याच्याहून थोर असं काहीतरी, म्हणजे प्रत्यक्षात असणारं, कल्पिता येईल. म्हणून तो प्रत्यक्षात असलाच पाहिजे. बायबलातल्या स्तोत्रात एक मूर्ख मनात म्हणतो की देव नाही, त्या मूर्खाला ॲन्सेल्मने हे उत्तर दिलं. तर फ्रान्समधल्याच दुसऱ्या मठातल्या गॉनिलो नावाच्या साधूने चक्क मूर्खाचं वकीलपत्र घेतलं, त्याच्या लेखाचं नावच ‘मूर्खाच्या वतीने’ अशा अर्थाचं आहे. त्याचं म्हणणं, या हिशोबाने सगळ्यात उत्तम अशा एखाद्या हरवलेल्या बेटाची कल्पना केली की तेही कुठेतरी असलंच पाहिजे! ॲन्सेल्मने उत्तर दिलं. ते पटतं की नाही ते तुम्ही सत्रात ठरवा. मोठेपणा पुढे आहे. यापुढे माझ्या पुस्तकाची प्रत कराल तेव्हा गॉनिलोचा आक्षेप आणि माझं उत्तर दोन्ही शेवटी जोडा, असं त्याने सांगून ठेवलं. गॉनिलोचं नाव आज आपल्याला ठाऊक आहे ते त्यामुळे.

आता जिच्यासाठी मी खरं तर हे भाषण करतो आहे ती बाई. बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ. बापाचं राज्य 1620 च्या लढाईत गेलं, कुटुंब हॉलंडात हेगला निर्वासित म्हणून राहत होतं. मे 1643 मध्ये, वय चोवीस, तिने देकार्तला पत्र लिहिलं. देकार्तचं म्हणणं सर्वांना माहीत आहे: मन वेगळं, शरीर वेगळं. मन विचार करतं पण जागा व्यापत नाही, शरीर जागा व्यापतं पण विचार करत नाही. एलिझाबेथने विचारलं, मग मी हात उचलायचं ठरवते तेव्हा माझं मन माझा हात हलवतं कसं? वस्तू हलते ती दुसऱ्या वस्तूच्या धक्क्याने. धक्का द्यायला स्पर्श हवा, स्पर्शाला आकार हवा. ज्याला आकारच नाही ते ढकलणार कशाने?

देकार्तने उत्तरात जडपणाचं उदाहरण दिलं. दगडाचा जडपणा काही दगडाला हाताने धरून खाली ओढत नाही, तरी दगड खाली येतोच ना, तसं समजा. तिने जूनमध्ये उलट कळवलं की हे समजत नाही. निराकार वस्तू शरीराला हलवते असं मानण्यापेक्षा मनालाच थोडा आकार आहे असं मानणं मला सोपं जातं. आणि वर, घरचे व्याप आणि दरबारी शिष्टाचार यांतून तुमच्या पद्धतीने चिंतन करायला वेळ कुठे मिळतो, हेही सांगितलं. देकार्त शेवटी म्हणतो की मन आणि शरीर यांची जोड बुद्धीने नाही, रोजच्या जगण्याने कळते. मी स्वतःही निव्वळ तत्त्वचिंतनाला वर्षातून थोडेच तास देतो. माझ्या कोर्टात साक्षीदार असं बोलू लागला की मी खाली बसत असे. काम झालेलं असतं.

देकार्त खजील झाला असेल, पण रागावला नाही. 1644 चा मोठा ग्रंथ त्याने तिला अर्पण केला, आणि 1649 चं भावनांवरचं पुस्तक तिच्याच प्रश्नांतून निघालं. पुढच्या वर्षी तो स्टॉकहोमला वारला. त्याची तिला लिहिलेली पत्रं काही वर्षांतच छापली गेली. तिची नाहीत, कारण तिने परवानगी दिली नाही. ती छापली गेली 1879 साली. म्हणजे दोनशेहून अधिक वर्षं रेकॉर्डवर जबाब होता आणि प्रश्न नव्हता! आपल्या महाविद्यालयांतल्या नोट्स आजही तशाच आहेत. ‘देकार्तचा द्वैतवाद’, पाच मुद्दे, दहा गुण. एलिझाबेथचं नाव घेतलेला विद्यार्थी मला अजून भेटलेला नाही. भेटला तर त्याला आमच्याकडचं जेवण माझ्यातर्फे.

कांट आणि ह्यूम यांच्याबद्दल मी बोलणार नाही, त्यांच्यासाठी उद्या दोन सत्रं आहेत. एवढंच म्हणतो की विद्यापीठाने प्राध्यापकी नाकारलेल्या ह्यूमने कोनिग्सबर्गच्या प्राध्यापकाची झोप उडवली आणि प्राध्यापकाने ते छापून कबूल केलं. तसाच फ्रेग. अंकगणिताचा पाया निव्वळ तर्कावर रचण्यात आयुष्य घातलेलं, दुसरा खंड छापखान्यात, आणि जून 1902 मध्ये रसेलचं पत्र येतं की तुमच्या मूळ नियमातच विसंगती आहे. फ्रेगने पुस्तक दडवलं नाही, पत्रही दडवलं नाही. शेवटी परिशिष्ट जोडून आपला पाया हलला आहे हे वाचकांना सांगितलं.

कुणी म्हणेल, हा सगळा तिकडचा व्यवहार. तर ‘गीतारहस्य’ काढून आधिभौतिक सुखवादाचं प्रकरण वाचा. मंडालेच्या तुरुंगात टिळकांनी मिल, स्पेन्सर, कांट यांना समोर बसवून जाब विचारला आहे. जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख म्हणजेच नीती, हे तत्त्व घ्या. टिळक विचारतात, कौरवांचं सैन्य अकरा अक्षौहिणी, पांडवांचं सात, मग डोकी मोजून पांडवांचाच पक्ष अन्यायाचा ठरवायचा का? कर्त्याची बुद्धी बघायची की नाही? मिलच्या अनुयायांकडे याला उत्तर आहे, आणि मला विचाराल तर ते अगदीच लेचंपेचं नाही: फक्त लढणारे का मोजता, त्या राज्यात पुढे जगणारी सगळी माणसं मोजा. पण टिळकांनी मिलला नुसता नमस्कारही केला नाही आणि परका म्हणून बाहेरही काढला नाही. टिळकही एलएल. बी. होते, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

आता व्यवस्थेचं. संयोजक समितीने माझी एक अट मान्य केली आहे, तिच्याशिवाय मी हे पद घेतलं नसतं. निबंधाला वीस मिनिटं, आणि आक्षेपांनाही वीस. निबंध लांबला तर अध्यक्षांनी घंटा वाजवायची, आक्षेपांच्या वेळेतून कापायचं नाही. आणि आक्षेप घेणाऱ्याने ‘माझा छोटासा प्रश्न आहे’ म्हणून स्वतःचा निबंध वाचायचा नाही, हीही विनंती. परिषदेचा वृत्तांत छापायचा आहे. त्यात निबंधांबरोबर आक्षेपही नावानिशी छापले जातील, म्हणून उठताना नाव सांगा, लिहून घ्यायला विद्यार्थी बसलेले आहेत.

दुपारी भरीत, कळण्याची भाकरी आणि ठेचा आहे. ज्यांना तिखट सोसत नाही त्यांच्यासाठी वेगळी भाजी डाव्या हाताच्या टेबलावर ठेवली आहे. राहण्याची काही अडचण असेल तर बिल्ला लावलेल्या कुठल्याही कार्यकर्त्याला धरा. आपण सारे आलात, अमळनेरच्या वतीने मी आपलं मनापासून स्वागत करतो आणि उद्घाटकांना विनंती करतो की त्यांनी माईकपाशी यावं. माझ्या बोलण्यातलं काही त्यांना पटलं नसेल, तर सुरुवात तिथूनच करावी.