पोलिसांना विचारणारं कुणी असलं की काय बदलतं?



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. वकील नाही, पोलीसही नाही. तरी या विषयावर बोलायला उभा आहे, कारण आमच्या कामात एक प्रश्न रोज पडतो. यंत्रणा नीट चालत नसेल तर दोष माणसांचा, की तपासण्याच्या पद्धतीचा?

पोलिसांचा विषय निघाला की आपल्याकडे दोन मतं ऐकू येतात. एक म्हणजे, "सगळे सारखेच, काही बदलणार नाही." दुसरं, "पोलिसांना फार जाब विचारला तर त्यांचं मनोबल खचतं आणि गुन्हेगारांचं फावतं." ही दोन्ही मतं पुराव्यावर घासून पाहू.

पहिला पुरावा राजस्थानचा. २००५ नंतरच्या तीनचार वर्षांत तिथल्या पोलिसांनी ११ जिल्ह्यांतल्या १६२ ठाण्यांत एक प्रयोग केला. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्याबरोबर त्याच दलातल्या अधिकारी नीना सिंह त्यात होत्या. काही माणसं साधे तक्रारदार बनून ठाण्यात जायची आणि तक्रार घेतली जाते का ते पाहायची. हेतू फक्त मोजण्याचा होता. पण असे तक्रारदार येतात हे ठाण्यांना कळलं आणि तक्रार नोंदवून घेण्याचं प्रमाण वाढलं. ठाणी तीच, पगार तोच. फरक एवढाच की समोरचा माणूस तपासणारा असू शकतो, हे आता माहीत होतं.

मुळात तक्रार नोंदवायला टाळाटाळ का होते? ज्या टीमला बगच्या संख्येवरून बोलणी बसतात, ती टीम बग नोंदवणंच बंद करते. ठाण्याचंही तसंच. गुन्ह्यांचा आकडा वाढला की साहेब विचारणार, म्हणून "अर्ज देऊन जा, बघतो" किंवा "एनसी घेतो". कागदावर गुन्हे कमी होतात, रस्त्यावर होत नाहीत.

त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. शिपाई-हवालदारांना साप्ताहिक सुट्टी द्यायची आणि ड्युटी आळीपाळीने बदलायची, असंही ठरलं होतं. ते ठाणेदारांवर सोपवलं होतं आणि बरंचसं कागदावरच राहिलं. म्हणजे वरच्यांना विचारणारं कुणी नसलं की खालच्या शिपायाची सुट्टीसुद्धा जाते. उत्तरदायित्व पोलिसांच्या विरोधात असतं, हा समज इथेच गळून पडतो.

दुसरा पुरावा कॅमेऱ्यांचा. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या रिआल्टो या लहान शहरात २०१२ साली पोलिसांच्या अंगावर कॅमेरे बसवले. बळाचा वापर निम्म्याहून खाली आला, तक्रारीही खूप घटल्या. पुढे राजधानी वॉशिंग्टनमध्ये दोन हजारांहून अधिक पोलिसांवर मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले आणि तिथे लक्षात येण्याजोगा फरक दिसला नाही. म्हणजे निव्वळ कॅमेरा लावला की काम झालं, असं नाही. आमच्या सर्व्हरवर रोज हजारो ओळींचा लॉग लिहिला जातो. तो कुणी वाचत नसेल तर ती नुसती साठवण आहे. नोंद हवी, ती पाहणारा ठाण्याबाहेरचा माणूस हवा आणि चूक दिसली की परिणाम हवा. तिन्ही एकत्र असतील तरच काम सुधारतं.

आता महाराष्ट्रात येऊ. ८ सप्टेंबर २००६ ला मालेगावात स्फोट झाले, तीसहून अधिक माणसं गेली. नऊ मुस्लिम तरुण पकडले गेले, त्यातले बहुतेक सुमारे पाच वर्षं आत होते. पुढे एनआयएने वेगळ्याच लोकांवर आरोपपत्र ठेवलं. २०१६ साली न्यायालयाने आठ जणांना आरोपमुक्त केलं. नववा तोपर्यंत वारला होता. अन्याय त्या नऊ घरांवर झालाच. पण ज्यांची माणसं स्फोटात गेली त्यांच्या तपासाचीही इतकी वर्षं वाया गेली. वेळीच कुणी पुरावा तपासला असता, तर पोलिसांचंच काम चांगलं झालं असतं.

आणि परभणीचा ख्वाजा युनूस. वय २७, आपल्यातल्या अनेकांसारखा इंजिनिअर. डिसेंबर २००२ च्या घाटकोपर स्फोटानंतर त्याला पकडलं. जानेवारी २००३ मध्ये सांगण्यात आलं की पोलिसांच्या गाडीला अपघात झाला आणि तो पळाला. आई न्यायालयात गेली, सीआयडीने तपास केला आणि तो कोठडीत मेल्याचा आरोप ठेवून चार पोलिसांवर खटला उभा राहिला. खटला वीस वर्षं उलटूनही रेंगाळला. निलंबित असलेले चौघे २०२० मध्ये पुन्हा सेवेत आले. त्यातल्या एकाला पुढच्याच वर्षी एनआयएने दुसऱ्या गंभीर प्रकरणात अटक केली. इथे नोंद होती, बाहेरचा तपासही होता. परिणाम तेवढा झाला नाही. त्याची किंमत खुद्द मुंबई पोलिसांच्या नावाने मोजली.

कायद्यात उपाय नाहीत असं नाही. २००६ च्या प्रकाश सिंह निकालात सर्वोच्च न्यायालयाने पोलीस तक्रार प्राधिकरण नेमायला सांगितलं. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा बदलून त्याची तरतूद केली. डिसेंबर २०२० च्या निकालानुसार प्रत्येक ठाण्यात कोठडीसह सीसीटीव्ही हवा आणि चित्रण १८ महिने, निदान एक वर्ष तरी जपायला हवं. पण हे सगळं वापरणारा नागरिक नसेल, तर तोही न वाचलेला लॉगच.

म्हणून तुमच्याकडून चार गोष्टी हव्यात. एक, दखलपात्र गुन्हा असेल तर नोंद करणं पोलिसांना बंधनकारक आहे. ललिता कुमारी खटल्यात २०१३ साली ते स्पष्ट झालं. हद्द दुसरी असली तरी झिरो एफआयआर घ्यावा लागतो आणि तक्रारदाराला प्रत मोफत मिळते. दोन, तोंडी बोलून परत येऊ नका. लेखी अर्ज द्या, शिक्का मारलेली पोच घ्या. तीन, नकार मिळाला तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा, शहरात उपायुक्तांकडे जा. तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. चार, ठाण्यात मारहाण झाली तर त्याच आठवड्यात अर्ज करून सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवायला सांगा आणि वैद्यकीय तपासणीचा कागद घ्या.

हे करताना आवाज चढवायची गरज नाही. समोरचा ठाणे अंमलदार बारा तासांच्या ड्युटीवर असू शकतो. त्याच्याशी नीट बोला, पण पोच घेतल्याशिवाय उठू नका. प्रत्येक मोहल्ल्यात दोन जण असे असले, ज्यांच्याकडे दिलेल्या अर्जांची तारखेनुसार वही आहे, तर वर्षभरात आपल्या ठाण्याबद्दल आपण ऐकीव गोष्टी सांगणार नाही. नोंदी दाखवून बोलू.