पैनगंगेपलीकडे बंदूक नेताना

(दसरा स्नेहमेळाव्यात मावला येथे केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मी वक्ता नाही, वकीलही नाही. बी.कॉम. झालो आणि बँकेत कारकुनी करतो. त्यामुळे माझे बोलणे जमाखर्चासारखे कोरडे वाटले तर सांभाळून घ्या. विषय मात्र आपल्या घरातला आहे. आज सकाळी आपण शस्त्रपूजन केले. पाटावर कोणी विळा ठेवला असेल, कोणी आजोबांची तलवार, तर एखाद्याने बारा बोअरची बंदूक. ही बंदूक घेऊन घर बदलायची वेळ आली, आणि तेही राज्य बदलून, तर काय करायचे, एवढेच मला सांगायचे आहे.

आपली गोष्ट इतरांहून वेगळी आहे. इतर लोक राज्य बदलतात. आपल्याकडे राज्यच घरावरून बदलत गेले. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली, तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके व बोथ तालुक्यातले इस्लापूर मंडळ मुंबई राज्यात गेले. उलट नांदेड जिल्ह्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही मंडळे इकडे आली. २ जून २०१४ ला तेलंगण झाले. ११ ऑक्टोबर २०१६ ला जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले आणि आपले मावलाही मंडल झाले. म्हणजे मावल्यातला माणूस जागचा हलला नाही, तरी त्याच्या कागदावरचा पत्ता मात्र बदलत राहिला. सोयरीक तर किनवट, पांढरकवडा, वणी, यवतमाळ अशीच. त्यामुळे पैनगंगेचा पूल ओलांडताना आपण दुसऱ्या राज्यात चाललो असे आपल्याला वाटतच नाही.

आमच्या वडिलांनाही वाटले नाही. त्यांच्या नावाने एक एकनळी बंदूक आहे, आजोबांकडून आलेली, शेतात रानडुकरांचा त्रास म्हणून घेतलेली. शेत विकले, आणि धाकट्या भावाकडे यवतमाळला राहायला जायचे ठरले. ते वर्ष २०२३. ऑक्टोबरमध्ये तेलंगण विधानसभेची आचारसंहिता लागली आणि आमची बंदूक ठाण्यात जमा झाली. ३ डिसेंबरला निकाल लागल्यावर ती परत मिळाली. जानेवारीत सामान बांधले. बंदूक गादीत गुंडाळून टेम्पोत चढवायची, आणि आम्ही मागून एस.टी.ने जायचे, असा बेत होता. टेम्पोवाला आपलाच पोरगा. त्याने गादी उचलली, वजन पाहिले आणि विचारले, “काका, यात काय आहे?” सांगितल्यावर त्याने गादी खाली ठेवली. म्हणाला, “पातूर, पंढरी, कुठेही पाठवा, येतो. पण ही नाही नेणार. नाक्यावर मला धरतील, तुम्हाला नाही.”

वडील रागावले. मीही थोडा रागावलो. रात्री कायदा वाचायला बसलो तेव्हा कळले की त्या दहावी नापास पोराला माझ्यापेक्षा जास्त कळत होते.

१९५९ च्या शस्त्र कायद्याच्या तिसऱ्या कलमात सवलत एवढीच आहे : परवानाधारक सोबत असेल किंवा त्याने लेखी अधिकार दिला असेल, तर परवाना नसलेला माणूस बंदूक नेऊ शकतो. पण कशासाठी, तर दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी, किंवा खुद्द धारकाच्या वापरासाठी. घरसामानाच्या टेम्पोतून एकटी बंदूक पाठवणे यात कुठेच बसत नाही. म्हणजे त्या दिवशी गुन्हा टेम्पोवाल्याच्या नावावर पडला असता आणि वडीलही त्यात आलेच असते.

मग परवान्याची वही उघडली. तिच्यात ‘क्षेत्र’ असा एक रकाना असतो. वर्षानुवर्षे आम्ही फक्त नूतनीकरणाची तारीख पाहिली, हा रकाना कोणी वाचलाच नव्हता. आमचा परवाना राज्याबाहेर चालणारा नव्हता. पैनगंगेपलीकडचे लोक आपले, पण तिथे आपला परवाना आपला नाही, हे त्या रात्री समजले.

बँकेतली उपमा देतो. तुमचे खाते आमच्या शाखेत आहे आणि तुम्ही यवतमाळला गेलात, तर पासबुक पिशवीत घालून नेले म्हणून खाते तिथे जात नाही. इथे अर्ज द्यावा लागतो, इथले कागद तिथे जावे लागतात, तिथल्या शाखेने नोंद घ्यावी लागते. बंदुकीचेही तसेच आहे. फरक एवढाच की बँकेत चुकले तर हेलपाटा पडतो, इथे चुकले तर खटला पडतो.

आता क्रमाने सांगतो.

पहिले, निघण्याआधी क्षेत्राचा रकाना वाचा. नवे राज्य त्यात नसेल, तर आपल्या परवाना अधिकाऱ्याकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे, लेखी अर्ज करून परवानगीची नोंद करून घ्या. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात, उदाहरणार्थ नागपुरात, हे काम पोलीस आयुक्तांकडे असते. तोंडी ‘जा, काही होत नाही’ यावर विसंबू नका.

दुसरे, कायमचे राहायला गेलात तर ३० दिवसांच्या आत जुन्या आणि नव्या अशा दोन्ही अधिकाऱ्यांना कळवा. मागितल्यास परवाना आणि बंदूक नव्या अधिकाऱ्यापुढे हजर करायची असते. प्रत्येक अर्जाची पोच घ्या. पोच नसलेला अर्ज दिलाच नाही असे धरा.

तिसरे, नेताना स्वतः न्या. बंदूक रिकामी, काडतुसे वेगळी, मूळ परवाना खिशात. सार्वजनिक ठिकाणी बंदूक पूर्ण झाकलेल्या कव्हरमध्ये आणि आपल्या ताब्यात असावी. वाटेत अभयारण्य लागत असेल तर रस्ता बदला. वन्यजीव कायद्याप्रमाणे पूर्वपरवानगीवाचून शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरता येत नाही. आपल्याकडे कव्वाल आहे, पलीकडे टिपेश्वर आहे, हे लक्षात असू द्या.

चौथे, परवानगी येईपर्यंत बंदूक रिकाम्या घरात कुलूप लावून ठेवू नका. ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा आणि पावती घ्या.

पाचवे, वारसाचे. २०१६ च्या नियमांप्रमाणे धारकाचे वय ७० झाले किंवा त्याने २५ वर्षे शस्त्र बाळगले, की हयातीतच वारसाच्या नावे परवाना मागता येतो. वडीलधाऱ्यांनी हे लांबणीवर टाकू नये. धारक गेल्यावर बंदूक घरात ठेवून ‘तेराव्यानंतर बघू’ म्हणणेही बरोबर नाही, ती जमा करायची असते. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच बंदुका राहू शकतात, वारशाने आलेली धरून, आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली आहे.

सहावे थोडे अवघड आहे. काही वाड्यांत माळ्यावर रझाकारांच्या काळातली म्हणून एखादी ठासणीची बंदूक पडलेली असते, कागद काहीच नाहीत. ‘गंजली आहे, कोण विचारतो’ असे आपण म्हणतो. कायद्यात जुन्या, निकामी शस्त्राला सूट आहे, पण दुरुस्त करूनही चालणार नाही अशा शस्त्रालाच. ते आपण ठरवायचे नसते. घर बदलताना ती गुपचूप नेऊ नका. वकिलाचा सल्ला घ्या आणि लेखी अर्जासह जमा करा. आजोबांची आठवण म्हणून नातवाला कोर्टात उभे करू नका.

आमचे पुढे काय झाले ते सांगतो. बंदूक मावल्यातच ठाण्यात जमा केली. अर्ज दिले. मग मार्च २०२४ मध्ये लोकसभेची आचारसंहिता आली. कागद एका कार्यालयातून दुसऱ्यात जाताना मध्येच कुठे थांबले ते कळेना. शेवटी माहितीच्या अधिकारात अर्ज केला, तेव्हा फाईल हलली. तोवर दसरा आला. यवतमाळच्या घरी वडिलांनी पाट मांडला, आणि बंदुकीच्या जागी परवान्याची वही आणि ठाण्याची पावती ठेवून आपटा वाहिला. काही बोलले नाहीत. त्याच आठवड्यात महाराष्ट्र विधानसभेची आचारसंहिता लागली. नोव्हेंबरच्या निकालानंतर आम्ही दोघे जाऊन बंदूक घेऊन आलो. पुलावर गाडी थांबवून त्यांनी माझ्याकडून वही मागून घेतली आणि नवी नोंद एकदा स्वतः वाचली.

मंडळी, आपल्या मंडळाला माझी विनंती आहे. महिन्यातला एक रविवार कागदपत्रांसाठी ठेवावा. मी येऊन अर्ज लिहून देईन. आणि मंडळाने आदिलाबाद, यवतमाळ, नांदेड व चंद्रपूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन द्यावे, की सीमेवरच्या कुटुंबांसाठी बदलीची माहिती मराठी आणि तेलुगू दोन्हीत लावावी आणि कागद पाठवल्याचे अर्जदाराला कळवावे. यात कोणाविरुद्ध काही नाही. सीमा आपण आखली नाही, पण ती ओलांडायची रीत आपल्यालाच शिकावी लागेल.

आणि तो टेम्पोवाला पोरगा आज मागे बसला आहे. त्याचे आभार मी त्या दिवशी मानले नव्हते. आज मानतो.

जय हिंद.