इशारा आणि आसरा
(अभ्यासवर्गातील भाषण)



निसर्गाचा कोप गरीब-श्रीमंत पाहत नाही, असे म्हणण्याची रीत आहे. अमेरिकेतील मोबाईल होमच्या वसाहती पाहिल्या म्हणजे हे म्हणणे किती पोकळ आहे ते कळते. ही घरे कारखान्यात तयार होतात आणि जागेवर आणून ठेवली जातात. देशातील सुमारे सहा टक्के लोक त्यांत राहतात. परंतु १९९६ नंतर टोर्नेडोने राहत्या घरात ज्यांचे बळी घेतले, त्यांतील निम्म्याहून अधिक याच घरांतील होते. तळघर नाही, पक्का पाया नाही. घर पुष्कळदा कुटुंबाच्या मालकीचे, पण त्याखालची जमीन भाड्याची.

६ नोव्हेंबर २००५ रोजी पहाटे दोनच्या सुमारास इंडियाना राज्यातील इव्हान्सव्हिल परिसरावर टोर्नेडो कोसळला. वीसांहून अधिक माणसे दगावली. त्यांतील बहुतेक एकाच मोबाईल होम वसाहतीतील. हवामान खात्याने इशारा दिला होता. परंतु झोपलेल्या माणसाला बंद दूरचित्रवाणी संच जागे करीत नाही. ते काम करणारे साधन तेव्हाही उपलब्ध होते: सरकारी प्रक्षेपण केंद्रांवरून इशारा मिळताच कर्कश आवाज करणारा, वीज गेल्यास बॅटरीवर चालणारा छोटा रेडिओ. त्या रात्री आपले दोन वर्षांचे मूल गमावलेल्या मातेने लढा दिला आणि २००७ साली इंडियानाने नव्याने बसविल्या जाणाऱ्या मोबाईल होममध्ये हा रेडिओ सक्तीचा केला. त्याच वर्षी अशाच आशयाचे देशव्यापी विधेयक प्रतिनिधिगृहाने संमत केले. सिनेटची संमती मात्र त्याला मिळाली नाही.

हा विजय लहान नाही, पण तो अर्धाच आहे. रेडिओ वाजला, घर जागे झाले, जायचे कोठे? टोर्नेडो येत असता अशा घरात थांबू नका, असे हवामान खातेच बजावते. आसरा जमिनीवर बांधावा लागतो, आणि जमीन रहिवाशाची नाही. मिनेसोटा राज्याने हा पेच ओळखला. १ मार्च १९८८ नंतर परवाना मिळालेल्या, दहा वा अधिक घरांच्या वसाहतीत वादळापासूनचा निवारा असलाच पाहिजे, असा तेथे कायदा आहे. म्हणजे अडचण तंत्राची नसून, भाडे घेणाऱ्यावर जबाबदारी टाकण्याच्या धैर्याची आहे.

कार्यकर्त्यांनी यातून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. धोक्याची सूचना देऊन शासनाचे कर्तव्य संपत नाही. इशाऱ्याची मागणी करताना आसऱ्याची मागणीही त्याच निवेदनात लिहिली पाहिजे.