डबा उघडत नाही तेव्हा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



टेलिफोन खात्यात मी ३४ वर्षं काढली. त्यातली बहुतेक फॉल्ट शोधण्यात गेली. तक्रार नोंदवताना लोक एकच वाक्य सांगत, "फोन बंद आहे." त्यांच्या दृष्टीनं ते पुरेसं असे, आमच्या दृष्टीनं त्यात काहीच नसे. एक्स्चेंजमधून तारांची एक जोडी निघते, जमिनीखालच्या केबलमधून रस्त्याकडेच्या कॅबिनेटमध्ये येते, तिथून गल्लीतल्या डीपीत आणि मग घरात. यात कुठंही तुटलं तरी घरात अनुभव एकच, फोन बंद. म्हणून आमचे सुपरवायझर नव्या पोराला पहिल्याच दिवशी सांगायचे, "का बंद आहे ते नंतर. आधी कुठपर्यंत चालू आहे ते बघ."

हे वाक्य निवृत्तीनंतर माझ्या कामी आलं, ते आईच्या ओव्यांसाठी.

१९८६ साली दिवाळीत गावी गेलो असताना मी आईच्या जात्यावरच्या ओव्या टेप केल्या होत्या. सात कॅसेटी भरल्या. पुढे मुलानं त्या संगणकावर उतरवल्या आणि २०१४ मध्ये घरात एक 'नॅस' आणून त्यात ठेवल्या. नॅस म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेली साठवणीची पेटी. आत दोन हार्ड डिस्क असतात, राउटरपासून एक वायर तिला जाते आणि घरातला कुठलाही संगणक तिच्यातल्या फाइली उघडू शकतो. आमच्या घरात तिला सगळे 'डबा' म्हणतात. मूळ कॅसेटींना नंतर बुरशी लागली. आई तर केव्हाच गेली. तिचा आवाज उरला तो त्या डब्यात.

२०२४ च्या अखेरीस घरात दोन बदल एकदम झाले. आम्ही इंटरनेटची कंपनी बदलली, त्यामुळे राउटर नवा आला. आणि मुलानं विंडोज ११ चा नवा लॅपटॉप पाठवला, जुना मोडीत गेला. आईच्या श्राद्धाच्या आदल्या दिवशी मी ओव्या लावायला बसलो, तर डबा उघडेना. पडद्यावर एकच पाटी, या ठिकाणी पोहोचता येत नाही.

भाचा आला होता. पोरगा हुशार, पण घाईचा. म्हणाला, "मामा, डबा गेला तुमचा. डिस्क काढून थेट लॅपटॉपला लावू." डबा बंद करून त्यानं एक डिस्क बाहेर काढली आणि अडॅप्टरनं लॅपटॉपला जोडली. लगेच खिडकी उघडली, ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? भाच्याचं बोट माउसवर होतं. स्वयंपाकघराच्या दारातून बायको म्हणाली, "अहो, फॉरमॅट म्हणजे पुसणं ना?"

मी त्याचा हात धरला.

श्रोतेहो, ही पाटी अनेकांना फसवते, म्हणून थोडं थांबून सांगतो. अशा बहुतेक पेट्यांच्या आत लिनक्स चालतं आणि डिस्कवरची मांडणीही लिनक्सच्या पद्धतीची असते. विंडोजला ती वाचता येत नाही. जी मांडणी वाचता येत नाही, ती डिस्क त्याच्या लेखी वापरण्याजोगी नसते, म्हणून ते फॉरमॅटचं विचारतं. मोडी न येणाऱ्या माणसानं आजोबांचं दप्तर रद्दीत काढावं, तशातलाच प्रकार. तेव्हा अशा खिडकीला उत्तर एकच, नाही. आम्ही 'नाही' म्हटलं, डिस्क होती त्याच खाचेत परत बसवली, आणि मग डबा सुरू केला.

आता माझी पद्धत. कुठपर्यंत चालू आहे?

पहिली पायरी, दिवे. डब्यावरचा दिवा हिरवा, राउटरवर त्याची वायर जिथं जाते तिथला दिवा लुकलुकतोय. म्हणजे वायर ठीक. लॅपटॉप त्याच राउटरच्या वायफायवर आहे ना, तेही पाहिलं. पुष्कळ घरांत पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय असतं. त्यावरून इंटरनेट मिळतं, पण घरातली इतर यंत्रं सहसा दिसत नाहीत. तो ठरवून घातलेला आडपडदा असतो.

दुसरी पायरी, पत्ता. नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता असतो आणि सहसा तो राउटरच वाटतो. जुना राउटर १९२.१६८.० पासून सुरू होणारे पत्ते वाटायचा, नवा १९२.१६८.१ पासूनचे. आणि मी वहीतून पाहून लॅपटॉपवर टाकलेला पत्ता जुना होता. घर तेच, पण गल्लीचं नाव बदललेलं. राउटरच्या पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी असते, तीत डब्याचा नवा पत्ता सापडला. लॅपटॉपच्या काळ्या खिडकीत 'पिंग' लिहून पुढे तो पत्ता दिला. पिंग म्हणजे हाक मारणं. चार हाका, चारही वेळा डब्याकडून ओ आली.

भाच्यानं उत्साहानं फाइलींच्या खिडकीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि पुढे नवा पत्ता टाकला. तरी डबा उघडेना. तो म्हणाला, "म्हणजे पत्त्याचा प्रश्न नव्हता. परत जुना टाकू."

इथं मला आमचा एक लाइनमन आठवला. पावसाळ्यात एका घराचा फोन बंद होता. त्यानं डीपीतला ओला सांधा शोधला, कोरडा करून नीट बांधला. फोन तरी बंदच. तेव्हा सांधा ठीकच होता असं समजून तो भलतीकडे शोधत बसला आणि त्या गडबडीत चांगला बांधलेला सांधाही सोडून बसला. खरी गोष्ट अशी, की घरातल्या खोक्यातही एक तार सुटलेली होती. दोष दोन होते. पहिला काढल्यावर दुसरा उरला, आणि दोन्हींचं रूप एकच, फोन बंद. दुरुस्ती बरोबर असूनही फळ दिसत नाही, तेव्हाच माणूस सगळ्यात मोठी चूक करतो. म्हणून पिंगला ओ आली ना, तर ती पायरी पक्की. तिथून मागं फिरायचं नाही.

मग मी लॅपटॉपवरच्या ब्राउझरमध्ये तोच आकड्यांचा पत्ता टाकला. डब्याचं व्यवस्थापनाचं पान झटकन उघडलं. वॉरंटी कार्डाच्या मागं मुलानं पासवर्ड लिहून ठेवला होता. आत सगळे फोल्डर जागच्या जागी, आईच्या नावाचाही. त्या क्षणी निम्मी लढाई संपली. डबा जिवंत आहे, डिस्क जिवंत आहेत, वाट मोकळी आहे. अडतंय ते फक्त फाइली देण्याघेण्याच्या बोलीत.

पण दुरुस्तीला हात घालण्याआधी मी दुसरंच काम केलं. डब्याच्या युएसबी खाचेत कोरी पोर्टेबल डिस्क लावली आणि त्या पानावरूनच ओव्यांची प्रत काढली. लॅपटॉपवर एक फाइल लावून खात्री केली. आधी प्रत, मग पाना-पकड.

आता ती बोली. संगणक एकमेकांच्या फाइली मागतात-देतात ते ठरलेल्या नियमांनी. विंडोजच्या जगात त्या नियमांचं नाव एसएमबी. त्यांचा जन्म १९८० च्या दशकात आयबीएममध्ये झाला. लिनक्सवाल्या पेट्यांना ही बोली येते ती 'सांबा' या मोफत सॉफ्टवेअरमुळे. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याची पायाभरणी केली. एस, एम, बी ही अक्षरं त्याच क्रमानं येणारे शब्द त्यांनी शब्दकोशात शोधले, त्यातून हे नाव मिळालं. आपल्या सांबाराशी त्याचा संबंध नाही.

या बोलीच्या आवृत्त्या निघत गेल्या. पहिली फार जुनी आणि असुरक्षित. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला, ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांचीही त्यानं कोंडी केली. विंडोजमधल्या या पहिल्या आवृत्तीतल्या एका छिद्रातूनच तो आत शिरत होता. ते बुजवणारी दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच आली होती, पण असंख्य संगणकांवर ती बसवलेली नव्हती. त्याच वर्षापासून विंडोजनं पहिली आवृत्ती मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली. आमचा जुना लॅपटॉप ती बोलत होता, नवा बोलत नाही. आणि आमचा डबा २०१४ पासून तेवढीच बोलत होता.

दोन उपाय होते. नव्या लॅपटॉपवर जुनी बोली सुरू करायची, की डब्याला नवी शिकवायची? पहिला दोन मिनिटांचा आहे आणि बरेच जण तोच करतात. पण तो म्हणजे एका जुन्या किल्लीसाठी घराचं नवं कुलूप काढून टाकणं. मी डब्याचं सॉफ्टवेअर अद्ययावत केलं. फाइल सेवेच्या सेटिंगमध्ये 'कमाल आवृत्ती' अशी ओळ होती. तिथं एकच्या जागी मिळाली ती सर्वांत नवी आवृत्ती निवडली. ज्या जुन्या पेट्यांत ही सोयच नसते, त्यांच्यातला माल नव्या पेटीत हलवणं बरं.

या वेळी पाटी बदलली. नाव आणि पासवर्ड विचारला. भाचा हिरमुसला, मी खूश झालो. दाराशी कोणी "आपण कोण?" असं विचारतं, म्हणजे आपण दारापर्यंत पोहोचलो.

ही तिसरी अडचण, ओळख. आमचा जुना लॅपटॉप 'पाहुणा' म्हणून बिननावाचाच आत जायचा. २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत, प्रो प्रकारात, हे चालत नाही. प्रत्येक निरोपावर सही लागते, आणि बिननावाचा पाहुणा सही कशी करणार? म्हणून डब्यावर माझ्या नावाचं खातं उघडलं आणि त्याला ओव्यांच्या फोल्डरची फक्त वाचण्याची परवानगी दिली. माझ्या हातून चुकूनही काही पुसलं जाऊ नये, हा हेतू. इथं एक नेहमीची फसगत सांगतो. लॅपटॉप उघडताना आपण चार आकडी पिन टाकतो, ती इथं चालत नाही. इथं डब्यावरच्या खात्याचंच नाव आणि त्याचाच पासवर्ड लागतो. आणि जुना चुकीचा पासवर्ड विंडोजनं लक्षात ठेवला असेल, तर कंट्रोल पॅनेलमधल्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जाऊन तो आधी काढावा लागतो.

फोल्डर उघडला. सातही कॅसेटी ओळीनं दिसल्या.

आणखी एक. नेटवर्कच्या यादीत डब्याचं नाव दिसत नाही, एवढ्यावरून तो बंद आहे असं समजू नका. पूर्वीची ती यादी पहिल्या एसएमबीच्या आधारानं बनायची. आता तिची तऱ्हा वेगळी आहे, आणि लॅपटॉपनं घरचं वायफाय 'पब्लिक' मानलं असेल तरीही ती रिकामी दिसू शकते. डिरेक्टरीत नाव नसलं म्हणून फोन बंद असतो थोडाच! थेट पत्ता टाकून पाहावं.

आता वहीत मी डब्याचा पत्ता, खात्याचं नाव आणि बोलीची आवृत्ती लिहून ठेवली आहे. राउटरमध्ये तो पत्ता डब्यासाठी राखून ठेवला आहे, म्हणजे तो पुन्हा बदलायचा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आत दोन डिस्क आहेत म्हणजे दोन प्रती आहेत, हा माझा गैरसमज गेला. त्या जोडीचा उपयोग एक डिस्क बिघडली तर. चुकून फाइल पुसली तर ती दोन्हीकडून पुसली जाते. खरी प्रत वेगळ्या जागी हवी. आमची पोर्टेबल डिस्क आता गावी थोरल्या बहिणीकडे, तिच्या ट्रंकेत असते.

दुसऱ्या दिवशी श्राद्धाचं जेवण झाल्यावर आम्ही ओव्या लावल्या. सुरुवातीला नुसती जात्याची घरघर, मग आईचा आवाज. भाच्यानं आजीला कधी पाहिलेलं नव्हतं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग हळूच म्हणाला, "मामा, काल मी हो म्हणणार होतो."

मी म्हटलं, "अरे, म्हणाला नाहीस ना. मग ऐक."