कॅमेरा आपला, दुकान कुणाचं?

(यवतमाळला झालेल्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातलं भाषण, थोडं आटोपशीर करून.)



सकाळच्या सत्रात घाटंजीकडच्या गटाने विचारलं, "ताई, आपणही यूट्यूबवर चॅनेल काढायचा का?" माझं उत्तर आहे, काढू या. पण आधी पैशाचं बोलून घेऊ. मोबाइल आपल्या हातात असला, तरी काय ठेवायचं आणि काय कापायचं, हे बहुतेक वेळा पैसे कुठून येतात त्यावर ठरतं.

केळापूर तालुक्यातल्या एका बाईंकडे मी गेले होते. नवऱ्याच्या आत्महत्येनंतर त्यांच्याकडे कॅमेरेवाले येऊन गेले होते. त्या म्हणाल्या, "बाई, म्या सातबाराचं सांगतलं, सासऱ्याचं सांगतलं. थे सारं कापलं अन् मायं रडणंच ठेवलं." जमीन सासऱ्याच्या नावावर, सुनेचं नाव कुठेच नाही. खरी बातमी तीच होती. याच जिल्ह्यातल्या वैशाली येडे यांनी जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन केलं, तेव्हा शेतकऱ्याच्या विधवेचं म्हणणं लोकांनी सलग ऐकलं. असे प्रसंग किती येतात?

बायकांच्या हातात कॅमेरा येणं नवीन नाही. अहमदाबादच्या 'सेवा' संघटनेत १९८४ साली मार्था स्टुअर्ट यांनी कष्टकरी बायकांना व्हिडिओ शिकवला. त्यातल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. यंत्र महाग, पण ते संघटनेचं. फिल्म दाखवायची ती सभासद बायकांना. किती जणींनी पाहिली यावर कुणाची कमाई अवलंबून नव्हती.

२००५ मध्ये यूट्यूब आलं. आपली चित्रफीत कुणीही फुकट जगापुढे ठेवावी, ही मोठीच गोष्ट होती. पुढच्याच वर्षी गूगलने ते विकत घेतलं आणि २००७ पासून जाहिरातीच्या पैशातला वाटा काही चित्रफीतवाल्यांना मिळू लागला. तिथून बघणाऱ्याचा वेळ हाच माल झाला. आपल्याकडे गावात व्हिडिओ म्हणजे तोवर लग्नाचं शूटिंग. (त्या सीडीचे पैसेही बहुधा मुलीच्या बापानेच द्यायचे!) सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि ज्या घरात कधी संगणक आला नव्हता, तिथेही चित्रफिती पोचल्या.

आता हिशेब करू. जानेवारी २०१८ पासूनचा नियम असा, की जाहिरातीचा वाटा हवा तर १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तास बघितलं गेलं पाहिजे. (अगदी छोट्या चित्रफितींचा नियम वेगळा आहे.) चार हजार तास म्हणजे २,४०,००० मिनिटं. आपली पाच मिनिटांची फिल्म ४८,००० वेळा शेवटपर्यंत बघितली जायला हवी. ग्रामसभेत रेशनवर झालेला वाद कोण इतक्यांदा बघणार? मग मथळा भडक होतो, संगीत करुण होतं, आणि एक दिवस आपणच त्या बाईंना म्हणतो, थोडं रडा ना. कुणी सक्ती करावी लागत नाही.

पैसे मिळवणं वाईट असं मी म्हणत नाही. नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे यांनी 'आपली आजी' या चॅनेलवरून स्वयंपाक शिकवला, मला त्याचं कौतुकच आहे. पण भाजी आणि मारहाण एकाच तराजूत तोलता येत नाहीत.

दुसरे मार्गही लोकांनी शोधले. 'व्हिडिओ व्हॉलंटिअर्स'ने २०१० मध्ये 'इंडियाअनहर्ड' सुरू केलं. गावातल्या वार्ताहराला फिल्ममागे मानधन, आणि फिल्म अधिकाऱ्यांना दाखवून प्रश्न सुटला तर त्याचे पुन्हा पैसे. हे मला फार आवडतं. मात्र अशी कामं देणगीवर चालतात आणि देणगी आटते, हे आपल्याला सांगायला नको. बुंदेलखंडातल्या बायकांचं 'खबर लहरिया' २००२ मध्ये छापील पत्र म्हणून निघालं, पुढे व्हिडिओकडे वळलं. त्यांनी वाचक-प्रेक्षकांकडून वर्गणी घेण्याचाही मार्ग धरला.

आणखी एक. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली. गावोगावच्या कितीतरी बायकांचे प्रेक्षक एका रात्रीत गेले. म्हणून मूळ फिल्म आपल्याजवळ ठेवायचीच.

माझी सूचना एवढी, की पहिलं वर्ष जाहिरातीच्या मागे लागू नये. रिचार्जचा खर्च गटांनी वाटून घ्यावा. फिल्म आधी तिच्यातल्या बाईला दाखवावी. ती नको म्हणाली तर पुसावी, आपली मेहनत गेली तरी.

केळापूरच्या बाईंशी माझं बोलणं झालंय. सातबाराचं त्या स्वतः सांगणार आहेत. पेरणी आटोपली की या, म्हणाल्या.