मनाची मलमपट्टी

(अकोट येथे साक्षरता वर्गाच्या मंडळींपुढे एका सेवानिवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



आधी एक गोष्ट सांगून टाकतो. माझे बोलणे तुम्हांला थोडे बोबडे लागेल. 'स' आणि 'श' माझ्या तोंडून नीट निघत नाहीत. ओठाच्या कोपऱ्यातून मधूनच लाळ येते, म्हणून हातात हा रुमाल आहे. माझा डावा गाल बसलेला दिसतो. मघाशी पुढे बसलेल्या एका लेकराने आपल्या मायला विचारले, "माय, या मास्तरच्या तोंडाले काय झालं?" तिने त्याला चूप केले. बाई, त्याला चूप करू नका. त्याने बरोबर विचारले. त्याचेच उत्तर द्यायला मी आज उभा आहे.

मी प्राथमिक शाळेत मास्तर होतो. पुढे मुख्याध्यापक झालो. मुलांना सांगायचो, व्यसन करू नका. आणि मधल्या सुट्टीत शाळेच्या मागे जाऊन तंबाखूला चुना लावायचो. निवृत्त झालो, मग तर खर्ऱ्याची पुडी कायमचीच खिशात. आपल्या राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. पण माझ्या खिशातली पुडी काही सुटली नाही.

खालच्या हिरडीला एक जखम झाली. तिखट लागले की आग व्हायची. महिना गेला, दोन महिने गेले. दाताचे दुखणे असेल म्हणून मी लवंग दाबून ठेवत होतो. शेवटी दात हलू लागला, तेव्हा अकोल्याला दाखवले. तिथून नागपूरला पाठवले. जखमेचा लहानसा तुकडा काढून तपासला. कर्करोग निघाला. आपण कॅन्सर म्हणतो तोच. रोग जबड्याच्या हाडापर्यंत गेला होता.

डॉक्टरांनी समोर बसवून समजावले. जबड्याचा रोगट भाग कापून काढायचा आणि त्या जागी पायाचे हाड बसवायचे. आपल्या गुडघ्याखाली दोन हाडे असतात. एक जाड, एक बारीक. अंगाचा भार मुख्यतः जाड हाडावर असतो. म्हणून बारीक हाडाचा तुकडा काढला तरी माणूस चालू शकतो. तो तुकडा रक्तवाहिन्यांसकट काढतात, जबड्याच्या आकाराने बसवतात, आणि त्या रक्तवाहिन्या मानेतल्या रक्तवाहिन्यांना जोडतात. आपण रोप उपटताना मुळाची माती सोडत नाही, गड्ड्यासकट दुसरीकडे लावतो. तसेच हे. रक्त मिळाले की हाड नव्या जागी जगते.

ऑपरेशन झाले. शुद्धीवर आलो तेव्हा नाकात जेवणाची नळी, गळ्यात श्वासाची नळी, पायाला पट्टी. बोलायला गेलो, तर आवाज नाही. गळ्यातली नळी काढली की आवाज येईल, असे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. पण ऐकणे वेगळे आणि भोगणे वेगळे. ज्या आवाजावर मी जन्मभर पोट भरले, तोच गेला असे वाटले.

नर्सबाईंनी पाटी आणि पेन्सिल दिली. मी लिहिले, 'पाय दुखतो'. पाटी बायकोपुढे धरली. तिने पाटीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. उशी सारखी केली. मी मान हलवली. चादर ओढली. खिडकी लावली. मी पुन्हा पाटी दाखवली. तिचे डोळे भरून आले. तिला वाचता येत नव्हते.

मंडळी, ऑपरेशनपेक्षा ते मला जास्त लागले. शेकडो पोरांना मी मुळाक्षरे शिकवली. पण चाळीस वर्षे माझ्यासाठी भाकर थापणाऱ्या बाईला 'पाय' हा शब्द शिकवला नाही. तिला काय करायचे शिकून, असे म्हणत राहिलो. आता पाटी माझ्या हातात होती, आणि अडाणी मी ठरलो होतो.

शेजारच्या खाटेवरच्या रोग्याची मुलगी शिकलेली होती. बायकोने तिलाच धरले. "पोरी, मले थोडी अक्षरं सांग." पाय, पाणी, उशी, झोप, दुखते. रोज दोन-तीन शब्द. घरी यायच्या दिवशी ती माझी निम्मी पाटी वाचू लागली होती.

नंतर शेक घ्यावा लागला. यंत्रातून किरणे सोडतात, त्याला आपल्याकडे शेक म्हणतात. मला सहा आठवडे होता, आठवड्यातून पाच दिवस. त्याने तोंड कोरडे पडले. चव गेली. ते संपवून घरी आलो, तेव्हा गावची माणसे म्हणाली, "सुटले बाप्पा, मास्तर!"

खरे सांगतो, कठीण काळ तिथून पुढेच सुरू झाला.

इस्पितळात सगळ्यांचीच तोंडे बांधलेली होती. कोणी कोणाला हसत नव्हते. घरी मी एकटाच तसा. आरसा मी भिंतीकडे फिरवून ठेवला. मागच्या खोलीत खाट टाकली. स्वयंपाकघरात भाकर भाजली की वास यायचा, आणि माझ्यापुढे ज्वारीची पातळ पेज. तीही अर्धी अंगावर सांडायची. तीन वर्षांचा नातू दाराशी यायचा, मला पाहून पळून जायचा. कोणी भेटायला आले की मी झोपल्याचे सोंग घ्यायचो. रात्री झोप यायची नाही. रोग परत आला तर? पोराच्या डोक्यावर कर्ज झाले तर? लोक माझ्याकडे कधी माणूस म्हणून पाहतील का? हे सगळे मनात फिरे. एव्हाना आवाज परत आला होता, बोबडा का होईना. पण मी बोलत नव्हतो. पाटीच धरून बसलो होतो.

एका रात्री मी पाटीवर लिहिले, 'भीती वाटते'. कोणाला दाखवायला लिहिले नव्हते. बायको दिवा मालवायला आली. तिने पाटी उचलली. हा शब्द तिला कोणी शिकवला नव्हता. ती एकेक अक्षर जुळवू लागली. "भ... भी... ती. भीती." मग खाटेच्या काठावर बसली आणि म्हणाली, "मले बी वाटते."

एवढेच. आम्ही दोघेही खूप रडलो. संसारात पहिल्यांदा एकमेकांसमोर रडलो. सकाळी रोग तेवढाच होता, जबडा तसाच होता. पण छातीवरचा दगड हलका झाला होता. दुःख एकट्याने उचलले तर मणाचे होते. दोघांनी धरले की उचलता येते.

बोलणे शिकवणाऱ्या बाईंनी मला इस्पितळातच सांगितले होते, रोज मोठ्याने वाचा. मी ते टाळत होतो. दुसऱ्या दिवसापासून सुरू केले. ती वाचायला शिकत होती, मी बोलायला शिकत होतो. दोघांचे पुस्तक एकच, पहिलीचे. ती अडखळे, मी बोबडे बोलत असे. कधी तिला हसू येई, कधी मला. दारामागून नातू ऐके. एक दिवस तो आत आला आणि म्हणाला, "आबा, तुमचं चुकलं. सशाले ससा म्हणतात." तो माझा तिसरा मास्तर झाला.

मग एक जुना विद्यार्थी आला. सतरंजीच्या मागावर काम करतो. त्याला अर्ज लिहून पाहिजे होता. मी झोपल्याचे सोंग घेतले. तो हलेचना. म्हणाला, "मास्तर, तुमी काऊन घरात बसून राह्यले? माह्या अर्जाले तुमचं तोंड नाई लागत, हात लागते." मी उठलो. अर्ज लिहून दिला. दुसऱ्या दिवशी आणखी दोघे आले. महिनाभराने मी पारावर जाऊन बसू लागलो. ज्याचा उपयोग गावाला आहे, त्याच्या गालाकडे गाव फार दिवस पाहत नाही.

तुम्ही म्हणाल, हे तुमच्यापुरते झाले. तर दुसऱ्यांचेही सांगतो. आपल्या राज्याचे पुढारी शरद पवार तुम्हांला ठाऊक आहेत. २००४ साली लोकसभेच्या निवडणुकीच्या दिवसांत त्यांना तोंडाचा कर्करोग निघाला. ऑपरेशन झाले. त्याच वर्षी ते देशाचे कृषिमंत्री झाले आणि २०१४ पर्यंत त्या जागी होते. बोलणे आणि खाणे अवघड झाले, पण ते सभेत बोलायचे थांबले नाहीत. आपल्या सुपारी-तंबाखूच्या सवयीबद्दल त्यांनी लोकांना उघडपणे सांगितले. त्यांचे राजकारण कोणाला पटो वा न पटो, हे धैर्य घेण्यासारखे आहे.

दूर देशातली एक गोष्ट ऐका. व्हिएन्ना शहरात सिग्मंड फ्रॉईड नावाचे डॉक्टर होते. माणसाच्या मनाचा अभ्यास करणारे म्हणून जगभर नाव. त्यांना चिरूटाचे भारी व्यसन. १९२३ साली त्यांच्या वरच्या जबड्याचा भाग काढावा लागला. त्या जागी कृत्रिम तुकडा बसवला. तो सारखा टोचायचा. तीसहून जास्त ऑपरेशने झाली. तरी ते पुढे सोळा वर्षे जगले. रोग्यांचे मन ऐकत राहिले, पुस्तके लिहीत राहिले. एक मात्र त्यांना जमले नाही. चिरूट सुटला नाही. एवढ्या मोठ्या मनाच्या डॉक्टरला जे जमले नाही, ते आपल्या गावच्या पुष्कळ माणसांनी करून दाखवले आहे. मीही केले. म्हणून व्यसन सुटत नाही, असे म्हणू नका.

आता कामाच्या गोष्टी सांगतो. नीट ध्यानात ठेवा.

रोग्याने काय करावे? पहिली गोष्ट, सूज पाहून घाबरू नये. सूज उतरायला आठवडे आणि महिनेही लागतात. सुरुवातीला आरशात दिसतो तो कायमचा चेहरा नव्हे. दुसरी गोष्ट, शिकवलेला व्यायाम सोडू नये. मला दातांमध्ये लाकडी चपट्या काड्या धरायला दिल्या होत्या. काही दिवसांनी एक काडी वाढवायची. काडी वाढली की मलाही धीर वाढल्यासारखा वाटे. तिसरी गोष्ट, रडू आले तर रडावे. ऑपरेशननंतर मन खचते, चिडचिड होते. तो भित्रेपणा नव्हे. अंगाला जखम झाली तशी मनालाही झाली आहे. तिला मलमपट्टी लागतेच. चौथी गोष्ट, रोज एक तरी काम करावे. शेंगा सोलाव्या, हिशेब लिहावा, गुरांना पाणी दाखवावे.

घरच्यांनी काय करावे? त्याच्यासमोर "पहिले कसे दिसत होते" असे म्हणू नये. त्याचे बोलणे समजले नाही तर समजल्याचे सोंग करू नये. "पुन्हा सांगा" म्हणावे आणि वाट पाहावी. त्याचे वाक्य आपण पुरे करू नये. त्याचे जेवण वेगळे असले तरी पाट वेगळा मांडू नये. मी पेज पितो, पण पंगतीत बसून पितो. लेकरांना भेव दाखवू नये. खरे सांगावे, "आबाला दुखणं झालं होतं, डॉक्टरनं नीट केलं."

पैशाची काळजीही मन खाते. इस्पितळात आरोग्यमित्र म्हणून माणूस बसतो. त्याला रेशनकार्ड दाखवून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. मुंबईच्या टाटा इस्पितळात जावे लागले, तर दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. अमरावती जिल्ह्यात जन्मलेले गाडगेबाबा. तिथे कर्करोगाचे रोगी आणि त्यांचे नातेवाईक उतरतात. आपल्यासारखीच पट्टी बांधलेला दुसरा माणूस भेटला, की मन अर्धे बरे होते.

आणि एक फार महत्त्वाचे. दोन आठवडे झाले तरी उदासी हटत नाही, खाणे-झोप सुटली, किंवा माणूस मरणाच्या गोष्टी बोलू लागला, तर "वेळ गेली की बरे होईल" म्हणून बसू नका. डॉक्टरला सांगा. १४४१६ हा सरकारी फोन आहे. रात्रंदिवस चालतो. पैसे लागत नाहीत. मनाच्या दुखण्याबद्दल तिथे मराठीत बोलता येते. हा आकडा आजच वहीत लिहून घ्या.

ज्यांच्या खिशात आता पुडी आहे, त्यांनी घरी जाऊन तोंड उघडावे. तीन बोटे उभी आत जातात का पाहावे. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर लवंग दाबू नका. दवाखान्यात दाखवा. मी दाबली. काय झाले ते तुमच्यासमोर आहे.

माझे बोलणे संपले. ती मागच्या रांगेत वही घेऊन बसली आहे ना, ती माझी बायको. आता ती गावचा दवाखान्याचा कागदही वाचून दाखवते. गेल्या महिन्यात मी आरसा पुन्हा सरळ केला. रोज सकाळी त्यात पाहून तोंडाचा व्यायाम करतो. ती काड्या मोजते, आणि आकडा वहीत लिहून ठेवते.