हंगाम सरल्यावर स्ट्रॉबेरीचं रोप



मे महिना सरत आला की महाबळेश्वर, पाचगणी, भिलारच्या रानातली स्ट्रॉबेरी उलगते. पुढं पावसाळ्यात महाबळेश्वरी सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. शेतकरी त्याआधीच वाफे मोडतात. तिथून हौसेनं कुंडीतलं रोप घरी नेलेली मंडळीही फळं संपली की ते उपटून टाकतात. ती घाई करू नका, हे सांगायला मी आज आलो आहे.

स्ट्रॉबेरी बहुवर्षायू आहे. दिवस लहान आणि हवा गार असताना आपल्याकडचे बहुतेक वाण फुलतात. दिवस मोठा झाला, ऊन वाढलं, की रोपाची ताकद रनरकडे वळते. रनर म्हणजे जमिनीलगत पसरणारे लांब धुमारे. त्यांच्या पेरांवर नवी रोपं धरतात. अननसही फळानंतर बुडाशी फुटवे सोडतो, पण फळ दिलेलं त्याचं खोड पुन्हा फळत नाही. स्ट्रॉबेरीचं जुनं रोप पुढच्या थंडीत पुन्हा फुलू शकतं.

म्हणून शेवटचं फळ काढलंत की वाळलेली, डागाळलेली पानं कापा. मधल्या कोंबाला मात्र हात लावू नका. कोंब मातीत गाडला गेला तर कुजतो. पावसात कुंडी छपराखाली, पण भरपूर उजेडात ठेवा आणि वरची माती सुकल्यावरच पाणी द्या. पावसाळ्यात बहुतेक रोपं मरतात ती साचलेल्या पाण्यानं. दोन-तीन जोमदार रनर राखा, बाकीचे छाटा. राखलेल्या रनरचं पेर मातीच्या पिशवीवर तारेच्या आकड्यानं टेकवा. मुळं धरायला साधारण महिनाभर लागतो. तोवर त्याला आईपासून तोडू नका.

मग शेतकरी जुनीच रोपं का ठेवत नाहीत? कारण विषाणू आणि बुरशी जुन्या रोपातून नव्यात उतरतात, आणि शेतकऱ्यांचं तर पोटच या पिकावर आहे. म्हणून कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणाहून मातृरोपं आणतात, वाईकडच्या कमी पावसाच्या भागात त्यांची रोपवाटिका करतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गादीवाफ्यांवर लावणी होते. 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या या फळामागं एवढी मेहनत आहे. घरीही हाच नियम पाळा: पानं आकसलेल्या, खुरटलेल्या रोपाचा रनर घेऊ नका.

पाऊस ओसरला की नवी रोपं मोठ्या कुंडीत हलवा, उन्हात ठेवा आणि एखादं शेजाऱ्यालाही द्या.